बर्फाची जाडी

सीटबेल्ट सोड, वेती.
हो, सोडच. या रस्त्यावर तो लावत नाहीत.
खिडकीही चार बोटं खाली घे,
गारठलास तर गारठ.
एरवी इथे समुद्र असतो.
फेब्रुवारीत तो रस्ता होतो
थेट हाइलुओतो बेटापर्यंत,
कडेला खुणेच्या फांद्या रोवलेल्या.

निघताना तू विचारलंस, आत्या, कोणती भाषा शिकू?
ओउलूच्या कॉलेजात सर एक सांगतात,
मित्र दुसरी,
आणि जिच्यासाठी प्रवेश घेतलास
तिचं नाव आता जाहिरातीत येत नाही.
थांब जरा. गाडी चालवतेय मी.

बारा वर्षं मी फोनचं कीपॅड लिहिलं.
सातचं बटण चारदा दाबलं की ‘एस’ उमटायचा;
दोन दाबांमध्ये किती थांबायचं
ते मी ठरवलं होतं. सेकंदाहून थोडं कमी.
कुठल्या कुठल्या देशांतले अंगठे
माझ्या त्या आकड्यासाठी थांबले असतील!
मग काच आली.
काचेला बटणं नसतात.

मंगळवार होता. कॅन्टीनमध्ये सामन माशाचं सूप.
साहेब बोलत राहिले, सुपावर साय धरली.
आमच्यातला सगळ्यात हुशार पेन्त्ती
तीन वर्षं घरी बसून तोच जुना कोड वाचत होता,
कंपनी परत बोलावेल म्हणून.
त्याला हसू नकोस.
त्याच्याइतकं नितळ लिहिणारं
मी पुन्हा कुणी पाहिलं नाही.

मी आठ महिने रिकामी.
रोजगार कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, काय येतं?
म्हटलं, कीपॅड.
त्या एका बोटाने टाइप करत होत्या,
अक्षर शोधत, अडखळत,
आणि मी नकळत मोजत होते
दोन अक्षरांमधला वेळ.
तेव्हा कळलं मला काय येतं.
बोट कुठे कचरतं, ते येतं.

आता इस्पितळाच्या औषधपंपांवर काम करते.
रात्रपाळीची नर्स, हातात मोजे,
बटण दोनदा दाबलं जातं.
त्यातलं चुकून कुठलं?
हे मी ओळखते. याचा पगार मिळतो.

हो, माहीत आहे, आता यंत्रच कोड लिहितं.
माझ्याकडेही लिहितं.
काल त्याने पंपाचा एक नियम लिहून दिला,
नीटनेटका, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही.
फक्त मोज्यातलं बोट त्याला ठाऊक नव्हतं.
मी सांगितलं. त्याने लगेच सुधारलं.
पण सांगावं लागलं, वेती.

भाषा कुठलीही शीक,
एक तरी तळ लागेपर्यंत.
मग दुसरी धरताना हात थरथरत नाही.
सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेव;
हे शहाणपण नव्हे, नुसता हिशेब.

पुढची गाडी दिसते?
तिच्यापासून पन्नास मीटर मागे राहायचं.
सगळे एका जागी जमले की बर्फ वाकतो.
आणि सुसाट जायचं नाही:
वेगाने खालच्या पाण्यात लाट उठते,
ती आपल्या आधी किनाऱ्याला पोचते
आणि तिथला बर्फ फोडून ठेवते.
रस्तेखात्याचा माणूस पहाटे भोक पाडून जाडी मोजतो.
कालचा आकडा त्याच्या वहीत असतो,
तरी मोजतो.

काही हिवाळ्यांत रस्ता उघडतच नाही.
मग फेरीबोट.
तिच्या रांगेत मी पुष्कळ कॉफी प्यायलेय.

आता गप्प बस. ऐक.
तो आवाज फुटण्याचा नाही,
बर्फ जाड होतानाही असाच ओरडतो.
निदान माझे वडील तसं म्हणायचे.
मला अजून दर वेळी पोटात गोळा येतो.

खिडकी वर घेऊ नकोस.